रणनवरे मॅडमचे साडेतेरा तास

"धुमाळ बाई, संस्थेला कळवा. मी गेले म्हणून."

एवढं बोलून रणनवरे मॅडम हायवेच्या कडेला, एका बंद पडलेल्या रसवंतीच्या पत्र्याखाली आडव्या झाल्या. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. गुलाबी जर्सीच्या पाठीवरचे दोन्ही खिसे केळ्यांनी फुगलेले होते आणि त्या त्यांच्यावरच झोपल्या होत्या. पेठ नाका अजून सहा किलोमीटर होता, सातारा शहाऐंशी. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"शोकसभा कितव्या तासाला ठेवू?" मी विचारलं. "तिसऱ्याला नको, दहावी 'ब'ला माझं गणित आहे."

"विनोद नको बाई. या मांड्या माझ्या नाहीत. कुणीतरी बदलून दिल्यात."

मी सायकल पत्र्याला टेकवली आणि त्यांच्या शेजारी उकिडवी बसले. रणनवरे मॅडम म्हणजे साताऱ्यातल्या आमच्या हायस्कुलाच्या मुख्याध्यापिका. वय एकावन्न. मी त्यांच्या हाताखालची गणिताची बाई, वय अठ्ठेचाळीस. या गोष्टीला तेरा-चौदा वर्षं झाली. आता मी निवृत्त आहे आणि कुणाच्याच हाताखाली नाही, म्हणून सगळं सांगायला हरकत नाही.

आम्ही त्या दिवशी ब्रेव्हे करत होतो. म्हणजे लांबच्या अंतराची सायकल फेरी. सातारा ते किणीचा टोलनाका आणि परत, दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. पहाटे सहाला निघायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत पोचायचं. प्रत्येकाच्या गळ्यात एक पिवळं कार्ड. वाटेत ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या आत त्यावर शिक्का घ्यायचा. एक शिक्का हुकला की खेळ खलास. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. आठ तासांत आलेला आणि साडेतेरा तासांत आलेला सारखाच. निकाल आडनावांच्या अक्षरांप्रमाणे लावतात.

मॅडमना हे कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की फेब्रुवारीत मी ही फेरी पूर्ण केली, गावच्या पेपरात माझा फोटो आला आणि संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्या शाळेसमोर मला हार घातला. तो हार मॅडमना फार लागला. आठ दिवसांत त्यांनी माझ्या सायकलीच्या दुप्पट किमतीची सायकल आणली. सप्टेंबरच्या फेरीत नाव घातलं. प्रार्थनेच्या वेळी पोरांना सांगूनही टाकलं, की तुमची मुख्याध्यापिका दोनशे किलोमीटर जाणार आहे. तोवर त्यांची सगळ्यात लांबची मजल होती चाळीस किलोमीटर, तीही गिरणीतून दळण आणल्यासारखी, रमतगमत केलेली.

"तुम्ही सोबत राहा," त्या मला म्हणाल्या होत्या. विनंती नव्हती ती.

पहिले शंभर किलोमीटर उतार आणि पाठीवरचा वारा, त्यामुळे मॅडम खुशीत होत्या. किणीचा शिक्का बारा-वीसला घेतला. परत वळलो आणि वारा समोरून आला. त्यानंतर मॅडम बोलायच्या बंद झाल्या. मी त्यांना बावीस वर्षं ओळखत होते. हे पहिल्यांदा घडत होतं.

"मी ह्यांना फोन करते," पत्र्याखालून आवाज आला. "जीप घेऊन येतील."

"करा की. पण आधी हा बटाटा खा."

"मला काही जात नाही."

"नाही गेला तर थुंका. पण उपाशीपोटी फोन करायचा नाही. खाऊन झाल्यावर मी स्वतः नंबर लावून देते."

उकडलेला बटाटा, वर मीठ. मॅडमनी आडव्या पडूनच खाल्ला. मग दुसरा. मग खिशातलं एक चपटं केळं. मी बाटलीत मीठ-साखर घालून पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "नंबर लावा."

"लावते. पण जीप इथे उन्हात कशाला? पेठ नाक्याला चांगलं हॉटेल आहे, तिथे सावलीत बोलवू. सहा किलोमीटर तर आहे."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. पण उठल्या. पेठ नाक्यावर पोचल्यावर मी म्हटलं, कासेगावला बोलवू, तिथून जीपला वळायला सोपं. कासेगावला त्यांनी फोन काढला तर मी म्हटलं, आता कराडच बघा ना.

"बाई, तुम्ही मला फसवताय."

"हो."

"मला कळतंय."

"कळू दे. पाय हलवा."

वारा असा होता, की उतारावरही पायडल मारावं लागत होतं. अशा वेळी दोनशेचा आकडा डोक्यात ठेवला की माणूस संपतो. मी मॅडमना पाढे म्हणायला लावले. एका अंकाला एक पायडल. डोकं आकड्यांत अडकलं की मांड्यांकडे लक्ष जात नाही, हे मी माझ्यावर करून पाहिलं होतं.

"तेरा एके तेरा," मॅडमनी सुरू केलं. त्या इतिहासाच्या. "तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक बावन्न. तेरा पाचा... बाई, पासष्ट ना?"

"पासष्ट."

"तेरा सक?"

"तुम्ही सांगा."

"मला येत नाही."

"पासष्टमध्ये तेरा मिळवा."

एक किलोमीटर गेला. मागून एक ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या ओढत आला आणि गाणं वाजवत आम्हाला मागे टाकून गेला. मग मॅडम ओरडल्या, "अठ्ठ्याहत्तर!" इतक्या जोरात, की शेतातल्या बायकांनी मान वर करून पाहिलं.

"शाब्बास," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मुख्याध्यापिकेला शाब्बास म्हणणारी बहुधा मी पहिलीच.

कराडच्या शिक्क्याची शेवटची वेळ होती दुपारी तीन बावन्न. आम्ही तीन सत्तेचाळीसला हॉटेलच्या आवारात शिरलो. दारात टेबल टाकून शेलार बसले होते, एसटीतले निवृत्त कंडक्टर. हातात शिक्का, समोर घड्याळ. मी कार्ड पुढे केलं, ठप्प. वळून बघते तर मॅडमची सायकल जमिनीवर, आणि मॅडम नाहीत. त्या सरळ आत, बायकांच्या स्वच्छतागृहात.

मी धावले. दारावर थापा मारल्या. "मॅडम, शिक्का आधी! हे नंतर!"

"नंतर होण्यासारखं नाही!"

"मग कार्ड द्या!"

दाराच्या वरून पिवळं कार्ड बाहेर आलं. ते घेऊन मी पळत टेबलापाशी. शेलारांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं पाहिलं. "राइडर?"

"आत आहेत."

"राइडर स्वतः हजर पाहिजे. नियम आहे."

"अहो, हजरच आहेत. दार लावून हजर आहेत."

"बाई, मी एकतीस वर्षं एसटीत काढली. विदाऊट माणूस मला 'आत आहे'च सांगायचा." तीन पन्नास झाले होते. "आवाज द्यायला सांगा."

मी तिथूनच ओरडले, "रणनवरे!"

आतून, भिंतीआडून, खणखणीत आवाज आला. "हजर!"

शेलारांनी शिक्का मारला. हॉटेलातल्या पोहे खाणाऱ्या एका कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता, पण जीपचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढचे पन्नास किलोमीटर मी त्यांच्या पुढे राहिले, म्हणजे वारा माझ्या अंगावर येईल. माझ्या मागच्या चाकापासून दोन हात अंतर ठेवा आणि फक्त माझ्या पाठीकडे बघा, एवढंच त्यांना सांगितलं. उंब्रजच्या पुढे त्यांच्या पायात गोळा आला, तेव्हा रस्त्यावर बसून मी तो दाबून काढला. मॅडमनी बावीस वर्षांत मला कधी दिल्या नव्हत्या अशा शिव्या दिल्या, त्यांतल्या दोन मी नव्याने शिकले. काशीळला त्या रडल्या. मी थांबले, त्यांना रडू दिलं, वेळ बघत राहिले. चार मिनिटं रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "चला."

अतीतच्या जवळ सूर्य कलला आणि वारा जरा पडला. मॅडम माझ्या शेजारी आल्या. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ होते.

"बाई," त्या म्हणाल्या, "एक विचारू? वर्गात पोरांना असंच शिकवता का हो तुम्ही? असं एकेक पाऊल, न चिडता?"

"हो," मी म्हटलं.

आणि पायडल मारून पुन्हा पुढे झाले, माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून.

कारण शुक्रवारी संध्याकाळी, सायकल पुसायची घाई होती म्हणून, मी मॅडमच्या टेबलावरच्या एका यादीवर सही करून आले होते. चार नावं होती. दहावी 'ब'मधली चार पोरं, जी गणितात नापास होणार असं विषयशिक्षकाचं, म्हणजे माझं, मत होतं. आमच्या शाळेचा निकाल सलग सहा वर्षं शंभर टक्के लागत होता. तो कसा लागत होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कच्ची पोरं हेरायची, पालकांना बोलवायचं, गोड बोलून दाखला हातात द्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. म्हणजे मुलाने शाळेबाहेरून परीक्षेला बसायचं. पास झालं तर त्याचं नशीब, नापास झालं तर शाळेच्या निकालात धरायचं नाही.

चौघांत एक रेश्मा नायकवडी होती. तिच्या आईने मला मंडईत गाठून सांगितलं होतं, की शाळा सुटली तर घरात ठेवणार नाहीत, मिरजेचं स्थळ आलेलं आहे. सतरा नंबरच्या मुली परीक्षेपर्यंत क्वचितच पोचतात. मांडवापर्यंत बहुतेक पोचतात. हे मला ठाऊक होतं, तरी मी सही केली होती. सोमवारी चौघांचे दाखले तयार होणार होते.

नागठाण्याला आम्ही दिवे लावले. सात चोवीसला साताऱ्यात पोचलो, सहा मिनिटं राखून. फेरी भरवणाऱ्या सायकल क्लबच्या मुलांनी मॅडमना सायकलवरून उतरवलं. त्यांना स्वतःला उतरता येत नव्हतं. मॅडमनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे, बाई." डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "घरी जा, कोमट पाण्यात मीठ टाकून बसा."

सोमवारी प्रार्थनेला अध्यक्ष आले. झेंडूचा हार, नारळ, शाल. मॅडम खुर्चीवरून उठताना दोन्ही हात टेबलावर रोवून उठल्या, पण उठल्या. मग त्यांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं. मुलांनो, हार मानू नका. मुलांनो, शेवटपर्यंत लढा. ऊन होतं, पाचवीतला एक मुलगा चक्कर येऊन पडला, त्याला उचलून नेलं आणि मॅडम पुढे बोलत राहिल्या. वाऱ्याचा उल्लेख आला, पाढ्यांचा आला नाही. स्वच्छतागृहाचा तर अर्थातच नाही.

दहावी 'ब'च्या रांगेत रेश्मा मान वर करून टाळ्या वाजवत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं.

मी ऑफिसात गेले. मॅडम खुर्चीत उशी ठेवून बसल्या होत्या.

"या बाई, या! पेढा घ्या. बसा."

"मॅडम, शुक्रवारची यादी काढा. माझी सही मागे घ्यायचीय."

पेढ्याचा हात तसाच राहिला. "कुठली यादी?"

"चौघांची."

"अहो, दाखले लिहायला घेतलेत. कुलकर्णी कधीचे बसलेत." कुलकर्णी म्हणजे आमचे क्लार्क. "आणि मत तुमचंच आहे ना? तुम्हीच लिहून दिलंत, पास होणार नाहीत."

"दिलं. काल दुपारी दीड वाजता मला कुणी विचारलं असतं, की ही पत्र्याखाली पडलेली बाई साताऱ्याला पोचेल का, तर तेही लिहून दिलं असतं. नाही पोचणार. सहीनिशी."

मॅडमचा चेहरा बदलला. "सायकल वेगळी, शाळा वेगळी. दोन्हींची सरमिसळ करू नका."

"आत्ता पंचवीस मिनिटं तुम्हीच केलीत."

"ते भाषण होतं, बाई!"

हे मात्र खरं होतं. मॅडम थोड्या मऊ झाल्या. पुढे वाकल्या, वाकताना कण्हल्या. "हे बघा, तुमचा जीव मुलांवर आहे, मला माहीत आहे. काल मी पाहिलं ना, किती धीर आहे तुमच्यापाशी. साडेतेरा तास तुम्ही माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाहीत. तरीही तुम्हाला वाटतं ही चौघं होणार नाहीत, म्हणजे नाहीच होणार."

"तेच सांगायला आलेय," मी म्हटलं. "त्यांना मी साडेतेरा तास दिलेच नाहीत. साडेतेरा मिनिटंसुद्धा नाहीत. रेश्मा फळ्यापाशी अडकली, की मी म्हणते, बस खाली, दुसरं कोण सांगतं? जूनपासून हेच म्हणतेय."

"मग माझ्यासाठी का थांबलात?"

खोटं बोलायला पुष्कळ जागा होती. मैत्री म्हणता आलं असतं, खिलाडूपणा म्हणता आलं असतं. पण आदल्या दिवसाचा शीण अंगात होता आणि शिणलेल्या माणसाला सजवून बोलता येत नाही.

"तुम्ही माझा गोपनीय अहवाल लिहिता, मॅडम," मी म्हटलं. "त्या चौघांपैकी कुणी लिहीत नाही."

ऑफिसात पंखा फिरत होता. बाहेर कुलकर्णींनी टंकन थांबवलं होतं, म्हणजे ते ऐकत होते. मॅडमनी पेढ्यांचा पुडा बंद केला, दोरा गुंडाळला आणि मग खणातून यादी काढली.

"चारांतला एक जरी गेला," त्या म्हणाल्या, "तर सहा वर्षांचा निकाल जाईल. अध्यक्षांना मी तुमचं नाव सांगेन."

"सांगा. स्पेलिंग मी लिहून देते."

मी माझ्या सहीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. विषयशिक्षकाच्या सहीशिवाय दाखले काढता येत नव्हते, हा नियम मॅडमनीच केला होता. पुढे कुणी त्यांच्या नावाने ओरडू नये म्हणून.

त्या मंगळवारपासून मार्चपर्यंत ती चार पोरं सकाळी सातला माझ्याकडे यायची. मी काही चमत्कार केला नाही. पहिले तीन आठवडे आम्ही पाचवीचा भागाकार करत होतो. मी चिडायचेही. एकदा खडू फेकून मारला, तो बाजूच्या कुंडीला लागला. पण "बस खाली" म्हटलं नाही. आणि पोरं जाम शिव्याळ निघाली. माझ्यासमोर नाही, पण जिन्यात ऐकू यायचं. त्यात नवीन काही नव्हतं, उंब्रजच्या पुढे माझं शिक्षण झालं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. बासष्ट मुलं बसली होती, एकसष्ट पास. तीन पोरं निघाली, रेश्मा चार गुणांनी राहिली. अठ्ठ्याण्णव पूर्णांक एकोणचाळीस टक्के. अध्यक्षांनी मॅडमना बोलावलं, मॅडमनी मला. त्यांनी फक्त निकालपत्रक माझ्यासमोर सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'स्वभाव' या रकान्यात 'हेकेखोर' असा शेरा आला. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी यादी काढली नाही. का काढली नाही, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सायकल त्यांनी त्याच पावसाळ्यात भाच्याला देऊन टाकली.

ऑक्टोबरच्या परीक्षेत रेश्मा सुटली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण मला ऑक्टोबर आठवत नाही. आठवते ती निकालाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी रात्रभर तिच्या घरी जायचं म्हणत होते आणि गेले नव्हते. काय तोंड दाखवणार होते? मिरजेची माणसं आली असतील, तिची आई मंडईत मला टाळेल, असलं सगळं डोक्यात घोळत होतं. विचार नको म्हणून सहालाच सायकल काढली, हवा भरली. गेट उघडलं तर समोर रेश्मा. केस विंचरलेले, बगलेत वही. मला वाटलं, रडायला आली. मीच रडण्याच्या बेतात होते.

"बाई," ती म्हणाली, "बीजगणितात मी सुटलेय. भूमितीच राहिलीय."

"घरी काय म्हणतायत?"

"आईनं मिरजवाल्यांना सांगितलं, पोरीची परीक्षा चालू आहे, संपल्यावर बघू." तिने वही बगलेतून काढली. "वर्तुळापासून घ्यायचं का?"

मी सायकल आत घेतली.